पहिल्या कैचीचा दोर

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुना दोर आहे, वाखाचा, तीन पेडांचा, अंगठ्यापेक्षा जाड. घायपाताची लांब काटेरी पानं कुजवून, ठेचून जे धागे निघतात त्यांना वाख म्हणतात. दुकानात तुम्हाला निळा, गुळगुळीत नायलॉनचा दोर दिसतो तो वेगळा. लोक आम्हाला भाऊ भाऊ समजतात. मला ते मान्य नाही.

स्वभावानं मी फार काळजी करणारा आहे. बादली पडली तर नुसता आवाज होतो. खुर्ची मोडली तर बसणारा आपटतो आणि बाकीचे हसतात. दोर तुटला तर काय होईल, हे मात्र त्याच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय त्यावर ठरतं. म्हणून कुणी मला हात लावला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, आज दुसऱ्या टोकाला काय आहे?

जोतिबाच्या डोंगराखालच्या एका वाडीत माझा जन्म झाला. गणपतराव नावाच्या शेतकऱ्यानं एका उन्हाळ्यात, अंगणात बसून मला वळलं. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा आणि गूळ व्हायला आला की ती काहील ओढून, कलती करून वाफ्यात ओतायची. ओढायचं काम माझं. काहिलीत पाक रटरटत असायचा आणि आजूबाजूला माणसं अनवाणी उभी असायची. दरवेळी माझा जीव मुठीत असायचा. पण मी एकदाही निसटलो नाही. गणपतराव आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "पावणं, ह्यो दोर बघा. डोळं झाकून काहील सोडतोय मी ह्येच्यावर." ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही यायची.

त्या कामात माझ्या अंगावर काकवी सांडायची, पाकाचे शिंतोडे उडायचे. हळूहळू माझ्या मधल्या भागात गूळ असा मुरला की तो भाग काळपट आणि कडक झाला. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. गुऱ्हाळावर चिकट नसलेली वस्तू शोधूनही सापडत नाही.

पुढे गणपतराव वारले. गुऱ्हाळ बंद झालं. त्यांच्या मुलानं, जोतीरामनं, म्हशी घेतल्या आणि दुधाचा धंदा धरला. मला त्यानं जुन्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवलं. टाकलं मात्र नाही. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातचा दोर म्हणून कधीतरी पाहुण्यांना दाखवायचा, बस्स. खाली म्हशी रवंथ करत बसायच्या, वर मी. पावसाळ्यात भिंतीची ओल माझ्या अंगात शिरायची. आणि मग उंदरांना गुळाचा वास लागला.

ते भिंतीकडच्या बाजूनं आले. माझा एक पेड त्यांनी आतून कुरतडला. बाहेरून काही कळत नव्हतं, कारण वरचा गुळाचा थर घट्ट होता आणि पीळ जागच्या जागी होता. मित्रांनो, खुंटीवर पडलेल्या वस्तूंना वाटत असतं, कुणीतरी आपली आठवण काढावी. मला उलट वाटायला लागलं. कुणाला माझी आठवण होऊ नये, असं मी रोज मनाशी म्हणायचो.

यंदा ती झाली.

गोठ्याच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. ती कधी म्हशींच्या अंगावर येईल याचा नेम नव्हता. जोतीरामनं पत्र्याचं नवं शेड बांधायचं ठरवलं. फॅब्रिकेशनवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि शेवटी त्यानं फोन उचलणंच बंद केलं. तेव्हा जोतीरामचा मुलगा सम्राट म्हणाला, "पप्पा, आपणच करूया की. वेल्डिंग मला येतंय. कैच्या कशा चढवायच्या त्याचं व्हिडिओ बी बघितल्यात मी."

कैची म्हणजे छपराचा सांगाडा. लोखंडी पाइपांचा तिकोनी आकार, मध्ये तिरप्या काड्या. अशा कैच्या एकामागे एक खांबांवर उभ्या करायच्या, त्यांना आडवे पाइप जोडायचे आणि वर पत्रे मारायचे. सम्राटनं कैच्या चांगल्या केल्या होत्या, त्यात मी काही खोट काढणार नाही. खांबही जमिनीत काँक्रीट ओतून पक्के बसवले होते. खांबांच्या माथ्यावर कैचीचं टोक बसेल अशा खाचा होत्या, त्यांत बोल्ट घालायचे. अवघड होती ती पहिली कैची. दुसरीला पहिलीचा आधार देता येतो. पहिलीला आधार द्यायला वर काहीच नसतं.

हा प्रश्न शेजारच्या बाळासोनं चुटकीसरशी सोडवला. बाळासोकडे सगळ्याच प्रश्नांची उत्तरं असतात, म्हणून लोक त्याला फारसं विचारत नाहीत.

"आरं, सासनकाठी नाचवतोय आपण दर चैताला," तो म्हणाला. "एवढी उंच काठी तोरण्यांवर सरळ ऱ्हाती, मग ही कैची काय घिऊन बसलाईस? पुढनं एक दोर, मागनं एक दोर. माणसं आपलीच."

तुम्ही चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेला असाल तर सासनकाठ्या पाहिल्या असतील. ताडमाड उंच काठी, खाली ती पेलणारा एक गडी आणि काठीचा तोल सांभाळायला बाजूंनी ताणून धरलेले दोर. त्या दोरांना तोरण्या म्हणतात. जोतीरामच्या भावकीतली सगळी माणसं पोरवयापासून तोरण्या धरत आली आहेत. त्यामुळे बाळासोचं बोलणं सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं. पण तेवढ्यात जोतीरामनं खुंटीकडे पाहिलं.

"फुडं नायलॉन चालंल," तो म्हणाला. "पर त्यो ताण आला की लांबतोय. मागनं अण्णांचा दोर लावूया."

 जोतीरामनं मला खाली काढलं, धूळ झटकली आणि गुडघ्यावर ठेवून माझ्यावरून हात फिरवला. त्या हातात माया होती. ती जाणवत होती आणि त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. माया करणारा माणूस तपासत नाही.

तपासावं असं वाटलं ते शालूबाईला, जोतीरामच्या बायकोला. ती धारा काढून येत होती. तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"अवो, ह्यो दोर आतनं बघितलासा का? किती वरसं खुंटीलाच हाय त्यो."

"अण्णांनी वळलेला दोर हाय," जोतीराम म्हणाला. "त्यो काय बघायचा?"

देव खरा आहे का असं कुणी विचारावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. शालूबाई गप्प बसली. सासऱ्यांच्या पुढे ती कधी बोलली नव्हती, त्यांच्या माघारी त्यांच्या दोराबद्दल बोलणं तिला जमलं नाही. बादली उचलून ती आत गेली. मी मनात ओरडत होतो, बाई, थांबा, पीळ उलगडा, त्या काळ्या भागात बघा. दोराचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

रविवार जोतिबाचा म्हणून रविवार ठरला. सकाळीच भावकीतली माणसं जमली. कुणी नारळ आणला होता, कुणी गुलालाची पुडी. शालूबाईनं खांबाच्या पूजेचं ताट करून ठेवलं. घरात लग्न असल्यासारखं वातावरण होतं. नायलॉनचा दोर पुढच्या बाजूला पसरला होता आणि उगाच चमकत होता. मला मागच्या बाजूला, अंगणातल्या जांभळीपर्यंत, लांब सोडलं होतं.

आधी कैचीची दोन्ही टोकं शिड्यांवरून खांबांच्या खाचांत ठेवली. दोन्ही दोर बांधलेला कैचीचा शेंडा अजून खालीच लोंबत होता. आता पुढच्या दोरानं ओढून आणि खालून बांबूंनी रेटून तो शेंडा वर आणायचा, आणि सरळ उभा राहिला की दोन्ही दोरांनी तिथंच धरायचा. मग टोकाला बोल्ट घालायचे आणि टेकू द्यायचे. बोल्ट घालायला सम्राट एका खांबाशी शिडीवर चढला होता. पाय घसरला तर धरायला काही असावं म्हणून त्यानं आईची जुनी सुती साडी कमरेला बांधली आणि तिचं दुसरं टोक कैचीच्या टोकाला.

शालूबाई खालून म्हणाली, "कैचीलाच बांधून घेतोयस व्हय? आणि कैची पडली तर रं?"

"कैची कशानं पडतीया, आई? एवढी माणसं हायत की."

मी त्या माणसांच्या हातांकडे बघत होतो. माझ्या अंगावर बाळासो आणि आणखी दोघं होते. पुढे नायलॉनवर जोतीराम आणि त्याचे चुलतभाऊ. हात दणकट होते. हातांची काळजी नव्हती. काळजी होती माझ्याच मधल्या भागाची, आणि तो नेमका हवेत, बाळासोच्या हातांच्या पुढे आला होता.

जोतीराम म्हणाला, "घ्या." पुढून ओढ बसली. बांबू लागले. शेंडा करकरत वर येऊ लागला. मी थोडा थोडा सैल सोडला जात होतो. वजन अजून माझ्यावर नव्हतं, तरी कुरतडलेल्या पेडातले धागे एकमेकांपासून सरकताना मला जाणवत होते. हळू, हळू, असं मी म्हणत होतो. शेंडा वर आला, आणखी वर आला, आणि कैची सरळ उभी राहिली. निळ्या आभाळात ती छान दिसत होती. सम्राटनं बोल्ट खाचेत घातला, पण भोकं जुळेनात. तो वाकून पान्यानं कैचीचं टोक सरकवू लागला.

तेवढ्यात बाळासोनं आरोळी दिली, "जोतिबाच्या नावानं..."

आणि सगळे म्हणाले, "चांगभलं."

मित्रांनो, पुढे जे झालं ते दुसऱ्या गावात झालं नसतं. सासनकाठी सरळ उभी राहिली की हीच आरोळी होते आणि तोरण्या धरलेली माणसं हात मोकळे करून गुलाल उधळतात. तिथं ते चालतं, कारण खाली काठी पेलणारा गडी असतो. इथं खाली कुणीच नव्हतं. पण हातांना ते कुठं ठाऊक? आयुष्यभराची सवय. आरोळी झाली आणि हात खिशातल्या गुलालाकडे गेले. पुढचा नायलॉन सुटला. मागून मीही सुटलो. आभाळात गुलाबी ढग उठला आणि त्या ढगात कैची पुढच्या बाजूला कलायला लागली.

मी जमिनीवरून सरपटत निघालो. दुसऱ्या टोकाला काय आहे ते मला दिसत होतं. लोखंड होतं, आणि लोखंडाला साडीनं बांधलेला सम्राट होता. खाचेतलं टोक पिरगळत होतं आणि त्याच्याबरोबर तोही शिडीवरून ओढला जात होता. त्यानं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. गुलालामुळे खालच्या माणसांना काही दिसतच नव्हतं. ती अजून चांगभलं म्हणत होती.

शालूबाई ताट घेऊन जांभळीजवळ उभी होती. तिची नजर मुलावरून एकदाही हलली नव्हती. तिनं ताट टाकलं आणि माझ्यावर झडप घातली. मी थांबलो नाही. मला थांबता येत नव्हतं. तिच्या दोन्ही तळहातांतून मी सरकत गेलो आणि तिची कातडी सोलत गेलो. तिनं सोडलं नाही. उधळलेल्या म्हशीला हातानं धरायचं नसतं, तिचा दोर झाडाला गुंडाळायचा असतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिनं मला धरून जांभळीला एक वेढा घातला, मग दुसरा, आणि पाय बुंध्याला लावून मागे रेलली.

मग सगळं वजन माझ्यावर आलं.

आता मी एकटा होतो. नायलॉन धुळीत पडला होता. माझ्या आतला तो पेड तट्ट आवाज करून तुटला. ते मला अंगभर जाणवलं. त्याचे धागे पिसाऱ्यासारखे बाहेर आले आणि उरलेले दोन पेड गरगरा फिरून ताठ झाले. गुऱ्हाळावरच्या सगळ्या काहिली एका बाजूला आणि हा एक क्षण दुसऱ्या बाजूला. मी काही पराक्रम करत नव्हतो, मित्रांनो. मी नुसता घाबरलो होतो. अजून थोडं, अजून थोडं, एवढंच म्हणत होतो.

"पोरगं अडकलंय वर," शालूबाई ओरडली. "दोर धरा आधी."

तिचा आवाज गुलालाच्या आरपार गेला. बाळासोनं वर पाहिलं. तो आणि ते दोघं माझ्यावर येऊन पडले. दोघांनी बांबू उचलून कैचीच्या पुढच्या अंगाला लावले. जोतीराम शिडीकडे धावला, मग परत फिरला आणि नायलॉनला झोंबला. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. हळूहळू कैची पुन्हा सरळ आली. सम्राटनं शिडीवर पुन्हा पाय टेकले. वरून सम्राटचा पाना लोखंडावर वाजत होता. शेवटी बोल्ट बसला. दुसऱ्या टोकाचा एका चुलतभावानं शिडी चढून बसवला. चारी बाजूंनी टेकू लागले. सम्राटनं साडीची गाठ सोडली आणि तो खाली उतरून शिडीच्या पायरीवरच बसून राहिला.

शालूबाई अजून दोर धरून होती. तिची बोटं सोडवायला जोतीरामला वेळ लागला. तिचे तळहात पाहिल्यावर त्यानं मान वळवली.

माझा तुटलेला पेड सगळ्यांत आधी बाळासोला दिसला.  त्यानं मला उचलून जोतीरामच्या हातात दिलं. जोतीरामनं तो काळा भाग दोन्ही हातांत धरला आणि पीळ उलगडला. आतून उंदरांच्या लेंड्या आणि धाग्यांचा भुगा त्याच्या पायावर पडला.

 "हिनं इचारलं हुतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही. "हिनं इचारलं हुतं मला."

शालूबाईनं हात पाण्याच्या घमेल्यात बुडवले होते. "मी तरी गप का बसले?" ती म्हणाली. "मामंजींचं नाव निघालं आणि गप बसले. मामंजी असते तर त्यांनीच सोडून बघितला असता की."

 माणसं गुलालानं माखलेल्या तोंडांनी इकडेतिकडे बघत उभी होती. एकानं उगाचच नारळ उचलून पुसला. बाकीच्या कैच्या आज नकोत, असं कुणीतरी म्हणालं. लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या.

जोतीराम आत गेला आणि कोयता घेऊन आला. त्यानं मला दगडावर ठेवलं. सम्राट शिडीवरून उठला.

"पप्पा, ऱ्हाऊ द्या की. आज्जांची आठवण हाय. त्यानंच वाचवलं मला."

"त्यानं न्हाय, तुझ्या आईनं," जोतीराम म्हणाला.  "आठवण हाय म्हणूनच कापतोय. खुंटीला ऱ्हायला तर मी परत इसरीन. उद्या कोण तर परत ह्येच्यावर माणूस टांगंल."

त्यानं कोयता उचलला. मला वाटलं होतं, फार दुखेल, फार वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. काळा भाग बाजूला पडला आणि माझे लहान लहान तुकडे झाले. त्यांनी आता रेडकूसुद्धा बांधता येणार नाही. किती वर्षांनी मला कशाचीच धास्ती वाटत नव्हती. जोतीराम मात्र कोयता बाजूला ठेवून, तोंड फिरवून, खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसत होता. मला त्याचा राग नाही. गणपतरावांचा दोर त्यानं जपला तो मनापासून जपला. फक्त जपणं म्हणजे काय, ते त्याला उशिरा कळलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. झोपाळ्याची साखळी असेल, माळ्यावर चढायची शिडी असेल, विहिरीचा रहाट असेल. त्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. मला फेकलं नव्हतं याचं मला आजही बरं वाटतं. पण त्या कुणी केल्या, किती वर्षं टिकल्या, हे सांगत बसू नका. त्यांच्यावर कोण चढणार आहे, त्याच्या आईच्या नजरेनं त्या एकदा उलगडून बघा. आणि घरात कुणी "बघितलंय का?" असं विचारलं, तर विचारणाऱ्याला गप्प करू नका.

आम्हा वस्तूंना आपलं दुखणं ठाऊक असतं. मला तर रोज ठाऊक होतं. पण मला ते सांगता येत नव्हतं, आणि त्या रविवारी सम्राट वर चढला तेव्हाही सांगता आलं नाही.